खोडाखोड न करणारी भाषा

आमचे वडील बडोदे संस्थानच्या हिशेब खात्यात कारकून होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले, कचेरीवरची पाटी बदलली, पण वडिलांचा दंडक बदलला नाही. वहीत चुकलेली नोंद खोडायची नाही. तिच्याखाली उलट नोंद करून हिशेब सुधारायचा आणि चुकलेली ओळ जशीच्या तशी राहू द्यायची. आम्ही थुंकी लावून पाटी पुसताना दिसलो की ते अस्वस्थ होत. पुढे आम्ही ज्या व्यवसायात पडलो, त्यात पुसणे हाच मुख्य व्यवहार निघाला.

आमचा व्यवसाय संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा. १९८४ साली शहराबाहेरच्या एका कारखान्याचे पगारपत्रक आम्ही कोबोल भाषेत बसवले. कामगाराने उचल घेतली असेल तर ती रक्कम ‘कपात’ नावाच्या जागेत ठेवायची, पगारातून वजा करायची आणि पुढच्या कामगाराकडे वळायचे. पुढच्याने उचल घेतली नसेल, तर ती जागा शून्य करणे आवश्यक होते. ती एक ओळ लिहायची आम्ही विसरलो. परिणामी एकाने घेतलेली उचल, दुसरा उचल घेणारा येईपर्यंत, मधल्या प्रत्येकाच्या पगारातून कापली गेली. महिना दिवाळीचा होता. बहुतेकांनी खिडकीशीच आरडाओरडा केला. रात्रपाळीच्या एका वयस्कर पहारेकऱ्याने मात्र मुकाट्याने अंगठा उठवून पैसे घेतले. चूक उमगल्यावर आम्ही त्याला गाठून विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “मशीनने काढलंय साहेब, बरोबरच असेल.” त्याचे पैसे त्याला पुढच्या महिन्यात मिळाले. तोवर दिवाळी होऊन गेली होती.

रात्री पानावर बसल्यावर आम्ही वडिलांना सर्व हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे विचारले, “म्हणजे तुझ्या वहीत एकच ओळ? आणि प्रत्येक माणसासाठी तीच पुसून पुन्हा लिहायची? अरे, कागद इतका महाग झालाय का?” आम्ही तो प्रश्न हसण्यावारी नेला. कागद नव्हे, पण संगणकाची स्मृती त्या काळी खरोखरच महाग होती.

वडील गेले, आम्ही निवृत्त झालो, आणि मग एके दिवशी जॉन बॅकस यांचे एक व्याख्यान आमच्या वाचनात आले. १९५७ साली बाहेर आलेली फोर्ट्रान ही भाषा ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली, ते हे गृहस्थ. १९७७ सालचे ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना त्यांनी जणू आपल्याच अपत्याविरुद्ध साक्ष दिली. रूढ भाषा यंत्राच्या घडणीला जखडल्या गेल्या आहेत, स्मृतीतून एक एक वस्तू आणणे, बदलणे आणि परत ठेवणे एवढ्यातच आज्ञावलीकाराची बुद्धी अडकून पडते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी गणितातील फलांच्या, म्हणजे फंक्शनांच्या, जुळणीतून आज्ञावल्या उभ्या कराव्यात, असा मार्ग त्यांनी सुचवला. वाचताना आम्हांला वडिलांचा आवाज ऐकू आला.

वाचकांपैकी ज्यांचा या विद्येशी संबंध नाही, त्यांनी एवढेच पाहावे. ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ असे आम्ही शाळेत फळ्यावर लिहिले असते, तर मास्तरांनी कान पिळला असता. कारण दोन्ही बाजूंचा क्ष काढून टाकला की शून्य बरोबर एक उरते. संगणकाच्या रूढ भाषांत मात्र हे नित्याचे वाक्य. अर्थ एवढाच की क्षच्या जागेत जे आहे त्यात एक मिळवून जुने पुसून टाक. गणितात क्षला ‘चल’ म्हणतात खरे, परंतु एका उदाहरणाच्या आत तो कधीही हलत नाही.

ही वाट बॅकस यांच्याही आधीची आहे. अलोन्झो चर्च यांनी १९३० नंतरच्या दशकात फलांचे एक कलन रचले, जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्प भाषेचे काम आरंभले, आणि १९९० साली हास्केल ही भाषा प्रसिद्ध झाली. आम्ही हास्केल शिकायला बसलो. साठी उलटल्यावर नवी भाषा शिकणे म्हणजे उतारवयात पोहायला शिकण्यासारखेच. पहिले काही आठवडे नाकातोंडात पाणी गेले. पुसण्याची सोय नाही म्हटल्यावर ओळखीची निम्मी साधने हातची गेली होती.

सरावासाठी आम्ही घेतले ते पगारपत्रकच. एका कामगाराचा निव्वळ पगार कसा काढावा याचा एक नियम लिहायचा, आणि तो नियम सबंध यादीवर सोपवून द्यायचा. नियमाला एका वेळी एकच माणूस दिसतो. आधीच्याची कपात पुढच्याकडे पोचायला वाटच नसते. शिवाय हास्केलमध्ये ‘जर’ लिहिले की ‘नाहीतर’ लिहावेच लागते. त्यावाचून वाक्य स्वीकारले जात नाही. आमची विसरलेली ओळ नेमकी तीच होती. आज्ञावली चालू झाली, आणि आम्ही बराच वेळ पडद्याकडे पाहत बसून राहिलो.

मग आम्हांला आपलीच एक भाषा घडवण्याची खोड जडली. प्रथम ‘इफ’च्या जागी ‘जर’ असे शब्द बदलून पाहिले; ते नुसते वेषांतर झाले. मराठीचे खरे बळ शब्दांत नाही, विभक्तीत आहे. वजाबाकीच्या फलाला दोन संख्या दिल्या, तर कोणती आधी हे लक्षात ठेवावे लागते. मराठीत ‘पगारातून उचल वजा कर’ म्हणा की ‘उचल पगारातून वजा कर’ म्हणा, पैसे कोणातून जायचे हे ‘तून’ सांगतो. क्रियापद शेवटी येते, तेव्हा लागणारे सर्व सामान आधीच मांडलेले असते. ही व्यवस्था आम्हांला फार आवडली. पण लगेच सामान्यरूप आडवे आले. पगाराचे ‘पगारा’ होते, भत्त्यातला ‘भत्ता’ यंत्राला ओळखूच येईना. (भाषेचे नियम नेमक्या चिन्हांत मांडण्याची बॅकस यांचीच एक पद्धत आहे, आणि तिच्यासारखी पद्धत पाणिनीने फार पूर्वी वापरली होती, हे पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ साली दाखवून दिले. पाणिनीला आमच्यासारखी घाई नसावी.) आम्ही शरण गेलो आणि प्रत्यय तोडून लिहायचे ठरवले: ‘पगार तून उचल वजा कर’.

हे वाक्य आम्ही मोठ्या उत्साहाने सौ.ला दाखवले. ती म्हणाली, “अहो, आधीच पुण्याची माणसं आपल्या बडोद्याच्या मराठीला हसतात. त्यात हे ‘पगार तून’ कशाला दाखवायचं कोणाला?” आम्ही म्हटले, “तू लिहून तर बघ.” तिने दुधाचा महिन्याचा हिशेब घेतला आणि सरळ ‘बिलातून’ असे जोडून लिहिले. यंत्राने ते नाकारले. तिने पुन्हा तसेच लिहिले, पुन्हा नकार. “मी बरोबर लिहिलंय,” ती म्हणाली, “चूक तुमच्या मशीनची आहे,” आणि ती दूध तापवायला निघून गेली.

पहारेकऱ्याने असे म्हणायला हवे होते. ते न म्हणण्याची सवय त्याला लावणाऱ्यांत आम्हीही होतो.

तेव्हापासून आम्ही सामान्यरूपाचे नियम लिहीत आहोत. ‘पगार’, ‘बिल’ सुटले, ‘भत्ता’ही सुटला. ‘उचल’ स्त्रीलिंगी; तिचे ‘उचलीतून’ होते, आणि तेथे सध्या आमचे घोडे अडले आहे.