चोपण

४ जुलै
सिस्टरनी पट्टी सोडली. गॉज टाचेच्या जखमेला घट्ट चिकटलेलं. ओढलं, रक्त आलं. अण्णा हू की चू नाही. मधुमेहाने पायाची जाणीव गेलीय. दुखत नाही, त्याचीच भीती वाटते.

५ जुलै
डॉक्टरांना विचारून शाळेच्या प्रयोगशाळेतला सामू-कागद आणला. जखमेला लावायचा नाही, सोडलेल्या पट्टीच्या ओलीवर टेकवायचा. हिरवट निळा. ८. चांगली कातडी साडेपाचच्या आसपास असते.

६ जुलै
अण्णांना रंग दाखवला. म्हणाले, "म्हणजे टाच चोपण झाली म्हण." नदीकाठचं अर्धं रान पाणी देऊन देऊन आम्लारी, चोपण झालेलं. सामू त्यांना माझ्याआधीपासून कळतो.

७ जुलै
रात्रभर वाचत बसले. रेंगाळलेली जखम अशीच आम्लारीकडे झुकते. काही जंतू युरियाचा अमोनिया करतात, सामू आणखी चढतो. नवी उती तोडणारी विकरंही ८ च्या आसपास जोरात. सामू उतरला की रक्त ऑक्सिजन सहज सोडतं. आम्ल म्हणजे जाळणारं, इतकंच मी मुलांच्या डोक्यात घालत आले. यंदा तसं शिकवणार नाही.

८ जुलै
आत्या म्हणते, उघडी ठेवा, वारा लागू दे, खपली धरेल. १९६२ साली जॉर्ज विंटरने डुकरांवर दाखवलं, पातळ पडद्याखाली ओलसर राहिलेली जखम उघडीपेक्षा दुप्पट वेगाने कातडी धरते. झाकलं की कार्बन डायऑक्साइड उडून जात नाही, सामू खाली राहतो. आत्याला कसं सांगू?

९ जुलै
पट्टी बदलली. निर्जंतुक मधाची. मधाचा सामू ४ च्या आसपास. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, डॉक्टरांनी बजावलं. साखर आटोक्यात हवी, टाचेवर भार नको.

शेजारच्या काकूंनी घरचा मध आणला. परत दिला. त्यात जंतूंचे बीजाणू असू शकतात. काकूंना वाईट वाटलं.

१४ जुलै
८ च.

१५ जुलै
अण्णा टाच टेकवून गोठ्यात गेले. मी ओरडले. मग आत जाऊन रडले.

२३ जुलै
साडेसात? दिव्याखाली धरला, खिडकीशी धरला. पट्टी अलगद सुटली. रक्त नाही.

४ ऑगस्ट
कागद पिवळट हिरवा. ७ च्या खाली. जखमेच्या कडेला तांदळाएवढी गुलाबी कातडी, पातळ, ओली, चकचकीत.

५ ऑगस्ट
चहाआधीच अण्णांनी विचारलं, "आज सामू किती?"