चढणे थांबले, तर आधी चढ तपासा

लहान मुलाच्या अंगावर गजकर्णाचा गोल चट्टा दिसला, किंवा आठवडे उलटूनही शिंका थांबल्या नाहीत, की घरात कोणता प्राणी पाळला आहे का, हे मी आवर्जून विचारतो. पूर्वी या प्रश्नाला कुत्रा, मांजर, पोपट अशी उत्तरे येत. अलीकडे अधूनमधून ‘गिनीपिग’ असेही उत्तर येते. त्याच्यापासून माणसाला गजकर्ण होऊ शकते, आणि त्याच्या केसांची वा वाळलेल्या गवताच्या धुळीची ॲलर्जीही होऊ शकते. म्हणून हा प्रश्न. मात्र बोलता बोलता पालक आणखी एक तक्रार सांगतात : “एवढा दुमजली पिंजरा आणला, पण हा आळशी वर जातच नाही.”

या ‘आळशी’ शब्दाविषयी मला आज तुमच्याशी बोलायचे आहे.

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. तेथील लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले. त्याचे रानटी भाईबंद उंच गवतात वाटा पाडून जमिनीलगत पळतात. पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे, आखूड पाय, आणि त्यांवर सुमारे किलोभर वजनाचा गोल देह. खारीसारखे चढणे किंवा मांजरासारखी झेप घेणे या शरीराला जमत नाही. खोलीचा अंदाजही त्याला नीट येत नाही. हातभर उंचीवरून पडला तरी त्याचा पाय मोडू शकतो. फ्लॅटमधली जागा अपुरी म्हणून आपण त्याला मजले बांधून देतो, हे समजण्यासारखे आहे. पण मग तेथवर पोहोचवणारी वाट त्याच्या शरीराला झेपेल अशीच असायला हवी.

बाजारातल्या पुष्कळ पिंजऱ्यांत ही वाट म्हणजे तारेची उभी शिडी असते. ती काढून टाका आणि लाकडी फळीची उतरण बसवा. हिशेब सोपा आहे. वरचा मजला ३० सेंटिमीटर उंच असेल आणि फळी ६० सेंटिमीटर लांब असेल, तर चढ ३० अंशांचा होतो; काही गिनीपिग तेथेच अडतात. फळी ७५ सेंटिमीटरची केली की चढ सुमारे २४ अंशांवर येतो, ९० सेंटिमीटरची केली की २० अंशांच्या आत. म्हणून उंचीच्या अडीच ते तीनपट लांबी धरावी. जागा कमी पडली तर मध्ये सपाट टप्पा देऊन उतरण वळवावी. रुंदी २० सेंटिमीटर असावी आणि दोन्ही बाजूंना पाठीइतक्या उंचीच्या भिंती असाव्यात; कडा झाकल्या की त्याची भीती निम्मी ओसरते. पृष्ठभागावर धुता येईल असे जाड, लोकरीसारखे कापड घट्ट ताणून बसवावे. नुसती गुळगुळीत फळी घसरते आणि जाळीत बोटे अडकतात. वरच्या मजल्याच्या उघड्या कडेलाही कठडा हवा.

माणसांच्या बाबतीत हेच प्रमाण किती सौम्य असते, ते पाहा. चाकाच्या खुर्चीसाठी १ फूट उंचीला १२ फूट लांबीचा उतार हे सर्वमान्य माप आहे. आपल्या किती इमारतींच्या दारात ते पाळलेले दिसते?

आणखी दोन गोष्टी. वरचा मजला ही वाढीव जागा समजावी. दोन गिनीपिगांना तळमजल्यावरच सुमारे ८ चौरस फूट जागा हवी. आणि गवत, पाणी व लपण्याची खोपटी दोन्ही मजल्यांवर ठेवावी, म्हणजे चढता न आलेला प्राणी उपाशी राहणार नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खिडकीजवळचा वरचा मजला फार तापतो. तापमान तिशीच्या वर गेले की या प्राण्याला उष्माघाताचा धोका असतो. त्या दिवसांत त्याने खालीच बसणे हा शहाणपणा आहे.

एवढे करूनही तो चढत नसेल, किंवा कालपर्यंत चढणारा आज थांबला असेल, तर त्याचे तळवे पाहा. जाळीच्या किंवा ओल्या जमिनीवर राहून तळवे लाल होतात, सुजतात, त्यांना जखमा होतात. वजन वाढले आहे का, नखे वाकली आहेत का, तेही पाहा. आणि मग त्याच्या आहाराकडे वळा.

येथे आपले आणि त्याचे एक नाते आहे. बहुतेक प्राणी ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसात आणि गिनीपिगात ते घडवणारे शेवटचे विकर काम करत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेतील आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिख यांनी गिनीपिगांना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना माणसासारखाच स्कर्व्ही झाला. या जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट त्या प्रयोगामुळे मोकळी झाली. स्कर्व्हीत सांधे सुजतात, हालचाल दुखरी होते. प्राणी चढायचे थांबतो आणि घरातले त्याला आळशी म्हणतात. रोज थोडी ताजी सिमला मिरची, कोथिंबीर आणि मुबलक वाळलेले गवत हा त्यावरचा साधा बंदोबस्त आहे. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाकून विसंबू नका. ते लवकर निकामी होतात.

एक इशारा मात्र ठळकपणे देतो. घरात उरलेले अमॉक्सिसिलिनचे औषध त्याला कधीही पाजू नका. आपल्या मुलांना आम्ही सर्रास देतो ते हे औषध गिनीपिगाच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मारते, घातक जंतू माजतात आणि प्राणी दगावू शकतो. त्याला पशुवैद्यांकडेच न्या.

काही वर्षांपूर्वी लिफ्ट नसलेल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका आजींना तपासायला गेलो होतो. “वयोमानाने त्यांना बाहेर जावेसेच वाटत नाही,” असे सूनबाई म्हणाल्या. गुडघे तपासले, त्या वयाच्या मानाने बरे होते. मी त्यांना माझ्याबरोबर जिना उतरायला सांगितले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या थबकल्या. तेथला दिवा गेलेला होता आणि कठड्याचा एक तुकडा निखळलेला. “डॉक्टर, इथून पुढे पाय कुठे टाकायचा, ते दिसत नाही हो,” त्या हळूच म्हणाल्या. हे त्यांनी घरात कोणाला सांगितले नव्हते, आणि कोणी विचारलेही नव्हते. दिवा लागला, कठडा बसला. आजही त्या रोज उतरत नाहीत, पण दर गुरुवारी कोपऱ्यावरच्या दत्तमंदिरात जातात.

गिनीपिग तर बोलूही शकत नाही. शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या स्वभावानुसार तो दुखणे लपवतो. म्हणून आठवड्यातून एकदा त्याचे वजन करून वहीत लिहा, आणि हे काम मुलांकडे द्या. वजन सतत घटू लागले, तर वाट पाहू नका. त्याने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही, तर ती तातडीची वेळ समजा. हाताळल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा. आणि आज संध्याकाळी मोजपट्टी घेऊन पिंजऱ्याजवळ बसा. फळी उंचीच्या अडीचपट आहे का, ते मुलांनाच मोजू द्या. मोजून झाले, की तीच मुले बरोबर घेऊन इमारतीच्या जिन्यावरही एक चक्कर मारा.