शेपटीवरची पावती

गेल्या ऑगस्टमध्ये भाचीकडे इंग्लंडला, साउथॅम्प्टनला मुक्काम होता. तिथून रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांवर ब्रोकनहर्स्ट हे छोटे गाव लागते. न्यू फॉरेस्टमधले हे गाव. नावात जंगल असले तरी गाव मागे पडताच समोर पसरते ते मोकळे माळरान, हेदरच्या इवल्याशा फुलांनी जांभळे झालेले. पावसाळ्यात फुललेला कोकणातला सडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. पायवाट मात्र सोडायची नाही. लॅपविंग, कर्ल्यू असे पक्षी इथे जमिनीवरच घरटी करतात आणि मार्च ते ऑगस्ट हा त्यांचा विणीचा काळ असतो.

थोडे चालल्यावर तट्टे दिसली. दोन घोड्या आणि एक शिंगरू. दावे नाही, कुंपण नाही, राखणदार नाही. काटेरी गॉर्सच्या झुडपाचे कोवळे शेंडे ती आरामात खुडत होती. पाहणाऱ्याला वाटावे, ही रानटीच! पण इथल्या प्रत्येक तट्टाला मालक आहे. 1079 च्या सुमारास विल्यम राजाने हा मुलूख शिकारीसाठी राखून ठेवला. भोवतालच्या गावकऱ्यांचा गुरे चारण्याचा हक्क मात्र टिकून राहिला. हा हक्क घर-जमिनीला जोडलेला असतो. आपल्याकडच्या गायरानासारखीच ही गोष्ट. देखरेखीसाठी लिंडहर्स्ट गावी व्हर्डरर्सचे जुने न्यायालय आजही भरते.

जनावर माळावर सोडायचे तर मालकाला दरवर्षी शुल्क भरावे लागते. ते भरले की अ‍ॅजिस्टर नावाचे राखणदार तट्टाच्या शेपटीचे केस ठरावीक पद्धतीने कापतात. प्रत्येक अ‍ॅजिस्टरची कापणी वेगळी, त्यामुळे जनावर कोणाच्या भागातले हे लांबूनच ओळखू येते. थोडक्यात, पावती शेपटीवरच! अंगावर मालकाची डागणीही असते.

हे माळरान टिकले आहे तेही या चरण्यामुळे. तट्टे आणि गाई गवत, झुडपे, कोवळी रोपे खातात. ती नसती तर बर्च आणि पाइनची झाडे माजली असती आणि हेदर त्यांच्या सावलीत गेले असते. म्हणजे कॅमेऱ्यात येणारा हा जांभळा देखावा अनेक पिढ्यांच्या गुराख्यांची कमाई आहे.

भाचीच्या मुलाने खिशातून सफरचंद काढले. भाचीने त्याचा हात हळूच धरला. 2023 पासून इथे तट्टांना खाऊ घालायला, कुरवाळायला मनाई आहे आणि दंडही होतो. मुलगा हिरमुसला. “भूक लागली असेल तर?” त्याचा प्रश्न मायेचाच होता. भाचीने समजावले: बाहेरच्या खाण्याने त्यांच्या पोटात कळा येतात, आणि माणसाकडून खाऊ मिळतो हे कळले की ती वाहनतळाशी, रस्त्याच्या कडेला उभी राहू लागतात. कुंपण नसलेल्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 40 मैल, म्हणजे सुमारे 64 किलोमीटर आहे. रात्री दिसावेत म्हणून अनेक तट्टांच्या गळ्यात चमकणारे पट्टे असतात. तरीही दरवर्षी काही जनावरे गाड्यांखाली सापडतात. खाऊची सवय त्यांना त्याच रस्त्याकडे ओढते. मुलाने सफरचंद मुकाट्याने खिशात ठेवले आणि थोड्या वेळाने स्वतःच खाल्ले.

फोटो काढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सकाळच्या तिरप्या उन्हात, दुरून, गुडघ्यावर बसून तट्टाच्या नजरेच्या उंचीवरून फोटो घ्यावा. घोडी आणि तिचे शिंगरू यांच्यामध्ये कधीही जाऊ नये. घोडीने कान मागे दाबले की निमूट मागे सरावे. घाई केली नाही तर ती चरत-चरत आपणच पुढे येतात. आणि एक फोटो मागूनही घ्यावा, त्या कापलेल्या शेपटीचा. घरी दाखवताना पाहणारे विचारतातच, “ही अशी का?” मग सगळी हकिकत सांगता येते.