धातूचें वावडें

वावडें हा शब्द आपल्या घरांत बहुधा जेवणाच्या पंक्तींत ऐकूं येतो. कोणाला वांग्याचें वावडें असतें, कोणाला दह्याचें. आणि ज्याला तें असतें त्याच्याविषयीं इतर मंडळींच्या मनांत थोडा संशय असतोच कीं, हें दुखणें आहे कीं नखरा? पदार्थ पानांत बाजूला सारतां येतो, म्हणून हा संशय तेथें फारसा कोणाला जाचत नाहीं. परंतु वावडें धातूचें असलें, आणि तो धातु हाडांतच बसविलेला असला, म्हणजे मात्र त्या संशयाची किंमत रोग्याला मोजावी लागते.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना घरांत सर्वजण अक्का म्हणतात, त्यांचे कान सराफाहूनही चोख पारखी आहेत. खोट्या कुड्या दोन दिवस घातल्या कीं पाळ्या लाल होऊन चिघळतात. याचें कारण बहुधा निकेल हा धातु असतो. घामानें त्याचे अतिसूक्ष्म अंश सुटतात व त्वचेंतील प्रथिनांना चिकटतात. शरीराच्या रक्षक पेशी त्या जोडीला शत्रु समजतात, आणि एकदां पटलेली ही ओळख सहसा विसरत नाहींत.

दोन वर्षांपूर्वीं अक्कांचा उजवा गुडघा बदलला. अशा गुडघ्यांत मांडीच्या हाडावरील टोपी बहुधा कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची असते, आणि तींत निकेलचाही अल्पसा अंश असतो. वर्ष लोटलें तरी सूज व ठणका जाईना. क्ष-किरणांचें चित्र पाहून शस्त्रवैद्य म्हणाले, सांधा उत्तम बसला आहे. घरची मंडळी म्हणाली, वय झालें. एका आप्तांनीं तर निकालच दिला कीं, हें धातूचेंच वावडें, गुडघा काढून टाका.

दुसऱ्या एका वैद्यांनीं मात्र घाई केली नाहीं. प्रथम रक्त व सांध्यांतील पाणी तपासून जंतुसंसर्ग नाहीं याची खात्री केली. मग सांधा सैल झाला आहे काय तें पाहिलें. शेवटीं पाठीवर निरनिराळ्या धातूंच्या क्षारांच्या पट्ट्या चिकटविल्या. दोन दिवसांनीं त्या काढल्या आणि चौथ्या दिवशीं पाठ पुन्हां पाहिली. निकेलची जागा लाल झाली होती. तथापि ते म्हणाले, "ही साक्ष कातडीची आहे, हाडाची नव्हे. कातडी लाल होणारे कितीतरी लोक असल्या गुडघ्यावर सुखानें चालतात."

अक्कांनीं तूर्त दुसरी शस्त्रक्रिया नाकारली. व्यायामानें सूज उतरली. ठणका निम्मा राहिला. आम्हांला त्या म्हणाल्या, "अरे, दुखणें राहिलें तर राहूं दे. तें खोटें नाहीं एवढें कोणीतरी तपासून सांगितलें, पुरे झालें."

या बोलण्यावरून आम्हांला जॉन चार्न्ली या इंग्रज शस्त्रवैद्यांची आठवण झाली. कृत्रिम खुब्यासाठीं त्यांनीं प्रथम टेफ्लॉन वापरलें. तें थोड्याच वर्षांत झिजलें, आणि त्याच्या चुऱ्यानें आसपासच्या ऊतींना दाह होऊं लागला. १९६२ सालापासून ते पॉलिएथिलीनकडे वळले. पण तेवढ्यानें न थांबतां त्यांनीं हे दोन्ही पदार्थ स्वतःच्या मांडींत घालून घेतले आणि टेफ्लॉनला शरीर कसें प्रत्युत्तर देतें तें १९६३ सालीं प्रसिद्ध केलें. रोग्याच्या तक्रारीवर याहून मोठा विश्वास कोणी ठेवावा?

प्रत्येकानें इतकें करावें असें आमचें म्हणणें नाहीं. शरीर हा न्यायाधीश नव्हे, साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी अवश्य व्हावी. पण साक्षच न ऐकतां "वय झालें" म्हणून खटला काढून टाकणें हा न्याय नव्हे, आणि एका लाल डागावरून धातूला फांशी देणें हाही नव्हे. ज्यांच्या घरीं कोणाचा सांधा बदलावयाचा असेल, त्यांनीं कानांच्या पाळ्यांची हकीकत वैद्यांना आधींच सांगावी. आणि पुढें ठणका राहिलाच, तर म्हाताऱ्या माणसाजवळ बसून त्याचें सगळें बोलणें ऐकून घ्यावें.