देखभाल विभागात रुजू झालेल्या भाच्यास

सिरसाळा, जि. बीड



तुझे पत्र पावले. संचालन विभाग यंत्र वेळेवर ताब्यात देत नाही आणि बिघाड झाला की ठपका मात्र देखभालीच्या माथी मारतो, अशी तुझी तक्रार आहे. तिच्यात तथ्य असेलही, परंतु यंत्र थांबविले की ज्याच्या पाळीतील वीज घटते त्यालाच वर जाब द्यावा लागतो, ही त्याची अडचण तू त्याच्या तोंडून कधी ऐकून घेतली आहेस काय?

ज्या परळीच्या औष्णिक केंद्रात माझी नोकरी झाली, तेथे 1971 मध्ये 30 मेगावॉटच्या संचाने आरंभ झाला व पुढे 210 आणि 250 मेगावॉटचे संच आले. संच जसजसे मोठे झाले तसतशी एका विभागाला दुसऱ्यावाचून गती उरली नाही. कंडेन्सरचेच पाहा. त्याच्या हजारो नळ्यांतून थंड पाणी वाहते आणि भोवतालच्या वाफेचे शुद्ध पाणी होते. एखाद्या नळीला टाचणीएवढे भोक पडून कच्चे पाणी त्यात मिसळू लागले, तर ते प्रथम कळते प्रयोगशाळेला, पाण्याची विद्युतवाहकता वाढल्यावरून. रसायन विभागाने तत्काळ वर्दी दिली आणि संचालनाने भार उतरवून कंडेन्सरची एक बाजू मोकळी करून दिली, म्हणजे देखभालीचा माणूस नळ्यांच्या तोंडाशी मेणबत्ती धरीत जातो. ज्या नळीत ज्योत आत ओढली जाते ती गळकी, आणि तिला दोन्ही टोकांनी बूच ठोकले की बॉयलर क्षारांपासून वाचतो. मात्र कोणती नळी बुजविली व ती कशाने झिजली होती, ही हकीकत प्रयोगशाळेस कळविण्याचा रिवाज पुष्कळ ठिकाणी नसतो, आणि माझ्या मते सहकार्य नेमके तेथेच आटते. आपल्या वर्दीचे पुढे काय झाले हे ज्याला कधीच कळत नाही, त्याची पुढची वर्दी उशिरा येते.

म्हणून संचालनाकडे यंत्रावर काम करण्याचे परमिट मागताना काम किती तासांत उरकेल ते प्रामाणिकपणे सांगत जा, आणि वेळ लांबणार असे दिसताच मुदत संपण्यापूर्वी कळवीत जा. वार्षिक दुरुस्तीच्या सुट्या भागांची यादीही भांडाराकडे आताच पोचती कर. खरेदीच्या मंजुरीला महिने लागतात, तेव्हा ऐन वेळी भांडारपालावर दिरंगाईचा आरोप करणे न्यायाचे होणार नाही.

कळावे,
तुझा मामा