गाव विचारलं तर हिंगोली सांग

वसमत

चि. बाळू,


तुझा फोटो पाहिला. हातात इवलासा अमेरिकेचा झेंडा, अंगात कोट, बायको शेजारी हसते आहे. सगळ्यांनी अभिनंदन लिहिलं, मीही लिहिलं. पण फोटोखाली तू लिहिलंस, "आजपासून मी फक्त अमेरिकन, मागचं सगळं मागे." ते वाचल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. त्यात धाकटीने सांगितलं, की तिकडे कुणी गाव विचारलं तर तू 'मुंबई' म्हणतोस. मुंबईत तू राहिलास तरी कधी? विमान पकडण्यापुरता! फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

नागरिकत्व घेतलंस याचा मला राग नाही, हे आधी नीट समजून घे. ते आपल्या लोकांना सुखासुखी मिळालेलं नाही. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी 1923 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायद्याच्या अर्थाने गोरे नाहीत म्हणून त्यांना नागरिक मानलं नाही. 1946 च्या कायद्यानंतर भारतीयांना तो हक्क मिळाला, आणि नव्याने येणाऱ्यांचा कोटा ठरला वर्षाला शंभर. तेव्हा मिळालंय त्याची किंमत ठेव. शपथेत परक्या राजाची आणि परक्या राज्याची निष्ठा सोडावी लागते, हे मी वाचलं. ती सोडलीस, ठीक झालं. कर भर, ज्युरीला बोलावलं तर जा. पण त्या शपथेत गावाचं नाव टाकून दे असं कुठे म्हटलंय, ते मला दाखव.

आपल्या आजोबांचं आठव. जन्मले निजामाची रयत म्हणून. 17 सप्टेंबर 1948 नंतर भारताचे झाले. 1956 ला हैदराबाद राज्य मोडलं आणि ते मुंबई राज्यात आले, 1960 ला महाराष्ट्रात. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ओसरीवर बसून म्हणाले होते, "आता हे एक राहिलं होतं." माणूस औंढ्याचा शिवार सोडून कधी कुठे राहिला नाही, आणि कागदावरचं राज्य इतक्यांदा बदललं. कागद बदलतातच, बाळू. म्हणून कुणी त्यांना गाव विचारलं तर त्यांनी हैदराबाद सांगितलं नाही.

तू म्हणशील, अक्का, तू घर सोडून कुठे गेली नाहीस, तुला काय कळणार. बरं, मग जे गेले त्यांचं बघ. नरसीचे नामदेव महाराज पार पंजाबात गेले, घुमानला राहिले, तिथल्या लोकांना कळेल अशा बोलीत पदं रचली. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. तिथे ते 'भगत नामदेव' झाले, पण त्या पदांतही 'बीठल' आहेच. म्हणून तर 2015 साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं. किंवा वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे घे. गदर पक्षातले क्रांतिकारक, इंग्रजांनी मायदेशाची वाट बंद केलेली. त्यांनी मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी महाविद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, तिथल्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडले. दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि नागपूरला वारले. या दोघांनी नव्या भूमीला जीव लावला तो मूळ नाकारून लावलेला नाही. माझं तर ठाम मत आहे, ज्याला पहिल्या गावाची लाज वाटते त्याचं दुसऱ्या देशावरचं प्रेमही वरवरचं राहतं. झेंडा हातात धरायला जोर लागत नाही. माणसांत बसून आपलं नाव-गाव सरळ सांगायला लागतो.

आणि लाज कशाची? अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळांनी 2015 साली गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा पकडल्या. तशीच, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा आपल्या दुधाळ्याच्या माळावर व्हायची आहे. केंद्राने एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केले, यंत्राची मुख्य सामग्री तुझ्या अमेरिकेची. मोजक्याच ठिकाणांहून लहर टिपली तर ती आकाशात कुठून आली ते नेमकं सांगता येत नाही, म्हणून इतक्या दूरची जागा हवी. ज्या माळावर आपण गुरं वळली तो माळ! उद्या तिथला एखादा शास्त्रज्ञ तुझ्यासमोर हिंगोलीचं नाव घेईल, तेव्हा तू मान खाली घालून बसणार का?

2024 ला वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हे तरी ऐकलंस ना? माय शिजत्या हळदीतलं एक हळकुंड काढायची, त्यात काडी खुपसायची. काडी अलगद आत गेली की म्हणायची, "उतरवा कढई." तुझे तळहात पंधरा पंधरा दिवस पिवळे असायचे आणि तू तसाच परीक्षेला बसायचास. त्याच हळदीच्या पैशांवर तुझी औरंगाबादची फी भरली गेली. पोरीला हे कधी सांगितलंस का?

एक गोष्ट मात्र मला पोखरते आहे. हे 'मुंबई' म्हणणं लाजेतून येतं की भीतीतून? 2017 साली कॅन्ससमध्ये, ओलेथला, आपल्या हैदराबादकडच्या एका इंजिनिअर पोराला 'माझ्या देशातून चालता हो' असं ओरडून गोळ्या घातल्या, ते मी विसरलेले नाही. दुकानात पोरीशी मराठीत बोलताना आवाज खाली आणतोस का रे? कुणी काही बोललं का? असं असेल तर माझं सगळं रागावणं बाजूला ठेव आणि मला खरं काय ते सांग. तुझी बायको रात्री उशिरा एकटी गाडी चालवत येते, तेही मला आवडत नाही.

आता कामाचं. जुना भारतीय पासपोर्ट रीतसर जमा करून रद्द करून घे. त्यावर प्रवास करू नकोस, तो गुन्हा आहे. ओसीआय कार्डाचा अर्ज लगेच टाक. नवी शेती तुला आता घेता येणार नाही, पण बाबांच्या वारसाने सातबाऱ्यावर लागलेलं तुझं नाव जात नाही, तलाठ्याकडे मी विचारून आले. इथलं मत आता तुला नाही, म्हणून तिथलं वाया घालवू नकोस, दर निवडणुकीला जा. मायचा गुडघा पुन्हा सुजलाय आणि तिला आता फोनवर नीट ऐकूही येत नाही. कागदपत्रांपायी येणं लांबवू नकोस. दसऱ्याच्या आत ये, पोरीला घेऊन ये.

तुझी,
अक्का