पडवीत आलेला टीव्ही

गेल्या दिवाळीत गावी गेले, तेव्हा पडवीत ठेवलेल्या अण्णांच्या एका वहाणेत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले होते. चांगले वाळलेले, भक्कम घर. ते बांधायला तिला काही दिवस लागले असणार, आणि तेवढ्या दिवसांत त्या वहाणेत पाय पडला नव्हता. हे समजायला मला डॉक्टरांची गरज नव्हती.

अण्णा माजघरात होते. वय ८४. दापोलीकडच्या आमच्या घराचे माजघर भर दुपारीही काळोखे असते. तिथल्या भिंतीवर ४३ इंची टीव्ही चालू होता. आवाज इतका, की मला तो खाली पाखाडीवरच ऐकू आला होता. आणि त्या आवाजासमोर आरामखुर्चीत अण्णा शांत झोपले होते. हा टीव्ही आम्हीच बसवलेला. तीन वर्षांपूर्वी आई गेली, त्यानंतर महिन्याभरात. मी ठाण्याला, भाऊ पुण्याला, आणि अण्णा गाव सोडायला तयार नाहीत. 'निदान त्यांचा वेळ तरी जाईल' म्हणून आम्ही भावंडांनी मिळून तो घेतला. वेळ गेलाच. दिवसा टीव्हीसमोर डुलक्या, रात्री टक्क जाग. बोलायला आलेला माणूस त्या आवाजात दोन वाक्ये बोलून उठे, आणि पुढे माणसे येईनाशी झाली. स्वयंपाकाला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "अण्णांना कसलाच त्रास नाही हो. दिवसभर टीव्ही बघतात." त्या चांगल्या मनाने म्हणाल्या, पण मला ते लागले.

याच घरात १९८७ साली आमचा पहिला कृष्णधवल संच ओटीवर होता. रविवारी सकाळी 'रामायण' लागे, तेव्हा वाडीतली माणसे पडवीभर बसत, पोरे खळ्यात उभी राहून पाहत. उंच बांबूवरची अँटेना फिरवायचे काम माझ्या भावाचे. तेव्हा टीव्हीने माणसे घराकडे आणली होती. मग आता संच पडवीत हलवला तर? विचार एवढाच होता. तो अमलात आणताना मी ज्या चुका केल्या, त्या सांगण्यासाठी हे लिहीत आहे, कारण घरात वृद्ध माणूस आणि दाराशी पडवी, व्हरांडा किंवा छप्पर असलेली गच्ची असलेल्या अनेकांच्या मनात हा विचार येऊन गेला असेल.

आधी खरेदीचे सांगते. ठाण्यातल्या एका दुकानात चौकशी केली, तर खास उघड्यावर ठेवण्यासाठी बनवलेले संच असतात असे कळले. त्यांच्यावर 'आयपी ५५' असा काही अंक असतो. त्यातला पहिला आकडा धुळीपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. दुसऱ्या जागी ५ असेल तर कोणत्याही बाजूने पाण्याचा फवारा आला तरी संच टिकतो. पडद्याचा उजेडही जास्त असतो. घरगुती संचाचा साधारण २५० ते ३५० निट असतो, तर उघड्यावरच्या संचांचा ७०० च्या पुढे, काहींचा २००० पर्यंतही. किंमत मात्र कैक पट. मी तो घेतला नाही, आणि त्याचा पश्चात्तापही नाही. जिथे पावसाची झड थेट येते आणि संच आत नेणारे कोणी नाही, तिथे तो घ्यावा. आमच्याकडे पडवी खोल आहे, पागोळ्या दोन हात लांब पडतात, आणि ताई रोज येतात. जुनाच संच चाकांच्या लोखंडी स्टँडवर बसवला. मात्र त्याबरोबरची पुस्तिका मी प्रथमच नीट वाचली. तापमान ४० अंशांपर्यंत आणि हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंत, असे त्यात छापले होते, आणि संच घराबाहेर वापरल्यास हमी लागू राहणार नाही, हेही. कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता ८० च्या वर जाणे नेहमीचेच. त्यामुळे जून ते सप्टेंबर संच आत, हे तेव्हाच ठरले. हे ज्याला जमणार नाही, त्याने साध्या संचाचा मोह धरू नये.

आता चुका. आमची पडवी पश्चिमेला उघडी. स्टँड आणण्याआधी मी उत्साहाने संच ओटीच्या भिंतीवर, म्हणजे उघड्या बाजूकडे तोंड करून टांगून घेतला होता. अण्णांना धरून बाहेर आणले, खुर्चीत बसवले. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बाय, यात मीच दिसतोय. आणि माझ्यामागचा माड." पडदा आरशासारखा चमकत होता. आतल्या खोलीत दिवसा जेमतेम शे-दोनशे लक्स उजेड असतो, बाहेरच्या मोकळ्या सावलीत तो दहा हजारांच्या आसपास जातो. घरगुती पडद्याने त्यापुढे किती तग धरावा? दुसऱ्या दिवशी उलट केले. संचाची पाठ खळ्याकडे, अण्णांचे तोंड बाहेर. हे पहिल्यापेक्षा वाईट. मागच्या लख्ख उजेडापुढे पडदा काळा ठिक्कर दिसे, आणि अण्णांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा आहे. मोतीबिंदूत समोरचा प्रखर उजेड डोळ्यात विखुरतो, त्यामुळे ते सारखे डोळे मिचकावत होते.

तिसऱ्या दिवशी स्टँड पडवीच्या उत्तरेकडच्या आखूड भिंतीशी लावला. आता उजेड बाजूने येतो, पडद्यावरही पडत नाही आणि डोळ्यांतही शिरत नाही. विजेची बचत करणारी एक सोय संचात चालू होती, ती पडदा आपोआप मंद करी. ती बंद केली. सूर्य कलला की चारच्या सुमाराला त्या कोपऱ्याशेजारच्या रेज्यांवर जाड सुती पडदा ओढायचा. संपला प्रश्न. मी इतके दिवस निट आणि इंच मोजत होते, खरा प्रश्न कोनाचा होता.

तरी अण्णा म्हणत, "अक्षरे पुसट दिसतात." मोतीबिंदूच असेल असे मी धरून चालले. भाऊ आला, तो त्यांच्या शेजारी बसला आणि त्याच्या लक्षात आले. अण्णांचा चष्मा दुहेरी भिंगाचा. आरामखुर्चीत मागे रेलले की समोरची नजर भिंगाच्या खालच्या, म्हणजे वाचायच्या भागातून जाते. त्यातून दोन मीटरवरचे पुसटच दिसणार! आरामखुर्ची आत गेली. सरळ पाठीची, हात असलेली लाकडी खुर्ची आली, आणि पडद्याचा मध्य बसलेल्या नजरेच्या उंचीला घेतला. अक्षरे स्पष्ट झाली, मानही अवघडेना. त्या खुर्चीतून हातांवर भार देऊन त्यांना आपले आपण उठता येऊ लागले, हा लाभ आम्ही हिशेबात धरलेलाच नव्हता.

आवाजाची गोष्ट इतकी सहज सुटली नाही. पडवीला तीनच भिंती, आवाज बाहेर निघून जातो, आणि संचाचे ध्वनिक्षेपक पाठीमागे तोंड करून असतात. अण्णा आवाज वाढवत. चौथ्या दिवशी गडग्यापलीकडची मुलगी आली. बारावीचे वर्ष. काही बोलेना, नुसती उभी. अखेरीस म्हणाली, "आजोबा, मला अभ्यास करता येत नाही." अण्णांनी तत्काळ संच बंद केला आणि दिवसभर लावला नाही. मला त्या मुलीचा राग आला नाही, स्वतःचा आला. उतारवयात ऐकू कमी येते ते बहुधा उंच पट्टीचे. स, श, फ, त अशी व्यंजने आधी हरवतात. माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाहीत. आवाज वाढवून शब्द उमगत नसतात, फक्त शेजारी जागे होतात. खुर्चीच्या हाताशी छोटा ध्वनिक्षेपक ठेवला, तोही तारेचा, कारण बिनतारी ठेवला तेव्हा ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. बातम्यांच्या पडद्यावर खाली मजकूर असतोच. आवाज निम्म्यावर आला.

श्रवणयंत्राचे मात्र अण्णा नावच काढू देत नसत. आई असताना तिनेही सांगून पाहिले होते. "कानात यंत्र घालून ऐकायचे काय? या बातम्या?" हे त्यांचे उत्तर. पण पडवीत बसू लागल्यावर पाखाडीवरून जाणारी माणसे थांबू लागली. कोणी गडग्यावर हात टेकून काही विचारी, अण्णा भलतेच उत्तर देत, समोरचा हसून पुढे जाई. एकदा कोणी नातवाच्या लग्नाचे सांगितले आणि अण्णांनी "वाईट झाले" म्हटले. माणूस गेल्यावर त्यांनी मला विचारले, "तो काय म्हणाला?" मी सांगितले. ते गप्प राहिले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "ते कानाचे बघायला कुठे जायचे?" जानेवारीत तपासणी झाली, यंत्र बसले. सवय व्हायला सहा आठवडे गेले. पहिले काही दिवस त्यांना माडाच्या झावळांचा आवाजही सहन होत नसे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण ज्यांवर उपाय करता येतो अशी १४ कारणे नोंदवली. त्यांत श्रवणदोष आहे, उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष आहे आणि माणसांपासून तुटणेही आहे. त्या माजघरात आम्ही ही तिन्ही कारणे एकत्र जोपासली होती.

पडवी निर्धोक करण्याची कामे मी सुटीतच उरकून घेतली. जमिनीवरून तार नाही. भिंतीवरून नळीत घालून नेली. अर्थिंग असलेला पॉइंट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वायरमनकडून बसवून घेतला, कारण दमट जागेत विजेशी उधारी चालत नाही. वळवाचा किंवा परतीचा पाऊस येतो तेव्हा वीज कडाडण्याआधीच प्लग आणि छत्रीची केबल, दोन्ही काढायची. हे काम ताईंचे, अण्णांनी त्यासाठी उठायचे नाही. उंबरठ्याशी एक दिवा दिवसाही चालू असतो. गावात याला उधळपट्टी म्हणतात. पण उतारवयात डोळे उजेडातून अंधाराला सरावायला फार वेळ घेतात, आणि पडवीतून माजघरात टाकलेले पहिले पाऊलच धोक्याचे असते. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी आठवड्याला ओततो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी, म्हणजे नेमका अण्णा बाहेर असतात तेव्हा. पायांशी टेबलफॅन लावला की डास फारसे टेकत नाहीत.

फार वेळ बसून अण्णांच्या दोन्ही पावलांवर सूज येई. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की काळजीचे नाही, पण तासन्‌तास पाय लोंबते ठेवू नका. आणि एकाच पोटरीला सूज व दुखणे असेल तर मात्र त्याच दिवशी या. तेव्हापासून जाहिराती लागल्या की अण्णा उठतात, गडग्यापर्यंत जाऊन येतात. नियमाने वाहिन्यांना तासाला १२ मिनिटे जाहिराती दाखवता येतात. जाहिरातींचा मला जन्मभर राग होता, आता तितका नाही.

सगळे गोड झाले असे नाही. उन्हाळ्यात क्रिकेटच्या सामन्यांना वाडीतले चारपाच जण जमत. त्यांतले एक काका रिमोट हातचा सोडत नाहीत, आणि अण्णांच्या बातम्या बुडतात. काही दिवशी ते कोणाशी न बोलता आत जाऊन पडतात, विशेषतः आईच्या तिथीच्या आसपास. तेव्हा ताई बोलवत नाहीत, चहा तेवढा नेऊन देतात. पण सकाळचा उजेड अंगावर घेतल्यापासून रात्रीची झोप बरीच सुधारली आहे, आणि नऊनंतर टीव्ही बंद हे त्यांनी स्वतःच ठरवले. एक गोष्ट मी ठरवून केली नव्हती. खुर्ची हळूहळू फिरत गेली आहे. आधी ती पडद्याकडे सरळ होती, आता अर्धी पाखाडीकडे वळलेली असते. पुष्कळदा संच चालू असतो आणि अण्णा त्याच्याकडे पाहतही नसतात.

मेअखेरीस मी पुन्हा गेले ती संच आत न्यायला. माजघरातल्या जुन्या जागी तो लावू का, म्हणून विचारले तर म्हणाले, "तिथे नको. ओटीवर असू दे." पडवीला झापे बांधायला गडी आला होता. पाखाडीच्या बाजूचे झाप कुठपर्यंत बांधू, असे त्याने विचारले. झड त्याच बाजूने येते, तेव्हा पुरते बांध, असे मी म्हणणार होते. अण्णांनी खुर्चीत बसूनच हात वर करून उंची दाखवली. गड्याने तिथे एक हात फट ठेवली.